भोरड्यांचा हिशेब कोणी चुकवायचा?

पौष-माघाचे दिवस. मंगळवेढ्याच्या काळ्या रानात शाळू हुरड्यात आलेला असतो. दिवस उगवण्यापूर्वी घरची बाई मचाणावर चढते. हातात गोफण, पायाशी खड्यांची रास, शेजारी वाजवायला पत्र्याचा फुटका डबा. पूर्वेला तांबडे फुटते न फुटते तोच क्षितिजावर धुरासारखा एक पट्टा उठतो, वळतो, विरळ होतो, पुन्हा दाट होतो आणि कलकलाट करीत कणसांवर उतरतो. भोरड्या आल्या. त्या क्षणापासून ऊन तापेपर्यंत, आणि पुन्हा उन्हे कलल्यापासून दिवेलागणीपर्यंत, त्या बाईचा घसा आणि दंड यांना विसावा नसतो.

त्याच हंगामात पुणे-सोलापूर रस्त्यावर भिगवणजवळ, उजनीच्या फुगवट्याच्या काठी, शहरांतून आलेली माणसे कॅमेरे रोखून उभी असतात. सूर्य मावळतीला टेकला की हजारो भोरड्या एकाच देहासारख्या आकाशात वळणे घेतात, आणि पाहणाऱ्यांच्या तोंडून शब्द फुटत नाही. पाखरू एकच. एकीला तो घरच्या भाकरीवर पडणारा दरोडा वाटतो, दुसऱ्याला सृष्टीचा महोत्सव. दोघांचेही म्हणणे खरे आहे. प्रश्न असा की, या महोत्सवाचा खर्च कोण देतो, आणि तो त्याच्याकडून कोणत्या न्यायाने घेतला जातो?

हा प्रश्न नीट समजायचा तर आधी पाखराचा प्रवास समजून घेतला पाहिजे. भोरडी ही साळुंकीची सख्खी नातलग. अंग गुलाबी, डोके, पंख आणि शेपटी काळी, डोक्यावर मागे झुकणारा तुरा. पळस फुलला की ती पळसावर दिसते म्हणून तिला पळस मैनाही म्हणतात. तिच्या कलकलाटाला कोणी गाणे म्हणणार नाही, तथापि गायक पक्ष्यांच्या ज्या प्रचंड गणात ती मोडते, त्याच गणातले परीट, वटवटे आणि भारीट हे इवलेसे जीवही दरवर्षी उत्तरेकडून या उष्ण प्रदेशात उतरतात. काळ्या डोक्याचा भारीट तर इटली-बाल्कनपासून इराणपर्यंतच्या मुलखात वीण करतो आणि हिवाळ्यासाठी जवळजवळ सगळाच्या सगळा पश्चिम व मध्य भारताच्या शेतांत येतो. म्हणजे त्या जातीचे भवितव्य राजस्थान, गुजरात आणि महाराष्ट्र येथील शेतकऱ्याच्या बांधावर ठरते.

पाखरे थंडीला भिऊन दक्षिणेकडे येतात, हा समज अपुरा आहे. त्यांना हलविते ती भूक. उत्तरेकडील उन्हाळ्यात दिवस लांबतो, कीटकांचा सुकाळ होतो आणि पिलांना भरविण्यासाठी मुबलक वेळ व अन्न मिळते. तोच दिवस आखडू लागला की पाखराच्या शरीरात पालट घडतो. ते भरपूर खाते, अंगावर चरबी साठविते आणि वाटेला लागते. पुष्कळशी लहान पाखरे रात्री उडतात. तारे, सूर्य आणि पृथ्वीचे चुंबकत्व हे त्यांचे वाटाडे. भोरडी मात्र दिवसा, थव्याने चालते. कझाकस्तानच्या गवताळ पठारांवरून, मध्य आशियातून आणि काळ्या समुद्राच्या परिसरातून निघून, अफगाणिस्तान-पाकिस्तानच्या अंगाने ती वायव्येकडून भारतात शिरते. पहिले थवे जुलै-ऑगस्टमध्येच पोचतात. शेवटचे एप्रिलमध्ये परततात. वीण उरकते मे-जूनमध्ये, दगडांच्या ढिगांत आणि कड्यांच्या फटींत, अक्षरशः घाईघाईने. वर्षातील उणेपुरे तीनच महिने ती भारताबाहेर असते. अशा पाखराला पाहुणी म्हणावे की घरची?

उत्तरेकडील त्या तीन महिन्यांत भोरडी जे करते, त्यातच या हिशेबाची पहिली बाजू आहे. तिची वीण टोळांवर चालते. ज्या वर्षी जेथे टोळ माजतात, तेथे तिची वसाहत उभी राहते. पुढल्या वर्षी टोळ दुसरीकडे, तर वसाहतही दुसरीकडे. काही वर्षी ती या मागावर बल्गेरिया-हंगेरीपर्यंत जाते. पिलांना भरविण्यासाठी हजारो जोड्या पहाटेपासून टोळ आणि नाकतोडे वेचतात, आणि त्या कुरणावर जगणाऱ्या मेंढपाळाचे गवत वाचते. चीनच्या सिंकियांग प्रांतात १९८० नंतरच्या काळात ही गोष्ट तेथील लोकांच्या ध्यानात आली आणि त्यांनी भोरड्यांसाठी दगडांची घरटी रचण्यास आरंभ केला. पाखरे आली, टोळ हटले, विषाची फवारणी कमी करता आली. पुढे पाखरे इतकी वाढली की त्यांना टोळ पुरेनात आणि पुष्कळ पिले उपाशी मेली, असेही घडले. निसर्गाशी केलेली चांगली भागीदारीसुद्धा हिशेबाने करावी लागते, हा त्यातला धडा.

हे घडले तो देश कोणता, हे विसरून चालणार नाही. १९५८ साली याच चीनमध्ये उंदीर, माश्या, डास आणि चिमण्या या ‘चार उपद्रवां’विरुद्ध राज्यसत्तेने युद्ध पुकारले होते. थाळ्या आणि ढोल बडवून चिमण्यांना जमिनीवर टेकू दिले गेले नाही. थकून त्या आकाशातून कोसळल्या. चिमणी दाणा खाते, एवढाच एकेरी हिशेब मांडला गेला होता. ती किडाही खाते, हे पक्षिशास्त्रज्ञांनी चिमण्यांची पोटे तपासून सांगितले, तेव्हा फार उशीर झाला होता. किडीने शेते धरली आणि १९६० साली उपद्रवांच्या यादीतून चिमणी काढून तिच्या जागी ढेकूण घालण्यात आला. त्या वर्षांतील भीषण दुष्काळाची कारणे अनेक होती आणि धान्याची सक्तीची वसुली हे त्यांतले मोठे कारण होते. तथापि मारलेल्या चिमण्यांनी त्यात भर घातली, हे नाकारता येत नाही. सोव्हिएत राज्यानेही १९५४ पासून ‘पडीक भूमी’ मोहिमेत एकट्या कझाकस्तानात सुमारे अडीच कोटी हेक्टर गवताळ रान नांगराखाली आणले. १९९१ नंतर ती राजवट कोसळली, अफाट शेते ओसाड पडली, आणि त्या पडीक रानांत टोळांनी अंडी घातली. १९९० च्या दशकाच्या अखेरीस तेथे टोळांचा जो उद्रेक झाला त्यावर लक्षावधी हेक्टरांत विष फवारावे लागले.

समाजवादाचे नाव घेणाऱ्यांनी या दोन्ही उदाहरणांकडे डोळेझाक करू नये. नफ्यासाठी रान उजाड करणारा भांडवलदार आणि उत्पादनाच्या आकड्यासाठी रान उजाड करणारा नोकरशहा, यांच्या नांगराच्या फाळात पाखराला फरक दिसत नाही. जमिनीवर राबणाऱ्याला विचारल्याशिवाय वरून दिलेला हुकूम, मग तो पाखरे मारण्याचा असो की पाखरे वाचविण्याचा, शेवटी त्या राबणाऱ्याच्याच अंगावर येतो.

पाखरे वाचविण्याच्या हुकुमाचेही उदाहरण घरातच आहे. राजस्थानातील भरतपूरचे सरोवर जगभरच्या पक्षिप्रेमींचे तीर्थक्षेत्र. १९८२ साली राष्ट्रीय उद्यानाच्या नावाखाली तेथे गावांच्या गुरांना चराईबंदी झाली. पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला हक्क एका हुकमाने गेला. संघर्ष उसळला, पोलिसांनी गोळीबार केला आणि गावकऱ्यांचे बळी गेले. पुढे मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीने तेथे केलेल्या दीर्घ अभ्यासातून निष्पन्न काय झाले? म्हशी चरत होत्या म्हणून पाणगवत आटोक्यात राहत होते. म्हशी गेल्या, गवत माजले, उघडे पाणी आक्रसले आणि पाणपक्ष्यांचीच अडचण झाली. गरिबाला बाहेर काढून पाखरांना सुखी करण्याचा मार्ग पाखरांच्याही हिताचा नव्हता.

आता हिशेबाची दुसरी बाजू. उत्तरेकडे टोळांवर जगणारी भोरडी दक्षिणेत येते तेव्हा रबी ज्वारीत दाणा भरत असतो. तिच्या थव्याला कणीस दिसते. सात-बारा कोणाच्या नावावर आहे ते दिसत नाही. पाखरांनी दाणा खाणे हे काही नवे नव्हे. ‘पाखरांचा वाटा’ हा शब्दच या मातीत जुना आहे आणि तो शेतकऱ्याने मोठ्या मनाने दिलेला आहे. परंतु वाटा देणारे पुष्कळ असले तरच तो सोसतो. १९६० च्या दशकात भारतात ज्वारीखाली सुमारे १ कोटी ८० लाख हेक्टर जमीन होती. आज ती ४० लाखांच्या आसपास उरली आहे. जो थवा पूर्वी गावच्या सगळ्या शिवारात विखुरला जाई, तो आता उरलेल्या मोजक्या पट्ट्यांवर एकवटून पडतो. वाट्याची लूट होते ती अशी, आणि तिचा दोष पाखरावर टाकता येणार नाही.

ज्वारी हटली ती कोणामुळे? हरितक्रांतीचे बियाणे, पाणी, कर्ज आणि सरकारी खरेदी ही सारी गहू आणि भात यांच्या पाठीशी उभी राहिली. शिधावाटपाच्या दुकानात ज्वारी खाणाऱ्या माणसाला गहू-तांदूळ मिळू लागले. कोरडवाहू रानातला शेतकरी बाजाराच्या वाऱ्यावर राहिला. सोलापुरासारख्या अवर्षणप्रवण जिल्ह्यात उजनीचे पाणी आले ते मुख्यतः उसाच्या मुळाशी गेले आणि साखर कारखान्यांच्या चिमण्या उभ्या राहिल्या. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यात भरड धान्याचा उल्लेख झाला. २०२३ हे वर्ष भारताच्याच प्रस्तावावरून संयुक्त राष्ट्रांनी भरड धान्यांचे वर्ष म्हणून पाळले. परिषदांत ज्वारीचे केक आणि बिस्किटे मांडली गेली. हमीभाव जाहीर होतो, परंतु गहू-तांदळाच्या तुलनेने ज्वारीची सरकारी खरेदी नगण्यच राहते. अशा स्थितीत जो अद्यापि शाळू पेरतो, तो घरच्या भाकरीसाठी आणि बैलाच्या कडब्यासाठी पेरतो. भोरडीचा थवा उतरतो तो नेमका त्याच्या ताटात.

त्यात आणखी एक गोष्ट आहे, आणि तिच्याकडे फारसे कोणी पाहत नाही. ज्या दिवसांत भोरड्यांचे थवे मराठवाड्यावर उतरतात, त्याच दिवसांत बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतून ऊसतोड कामगारांचे जथे बाहेर पडतात. दिवाळीच्या सुमारास पाखरू येते आणि माणूस जातो. पाडव्याच्या आगेमागे माणूस परततो आणि पाखरू जाते. दोघांचेही स्थलांतर हंगामी, दोघांचेही पोटासाठी. फरक इतकाच की, पाखराचे स्थलांतर निसर्गाने ठरविले आहे आणि कोयत्याचे स्थलांतर समाजाने. राखणीला लागणारे हात गावाबाहेर गेले, की मागे राहतात म्हातारी माणसे, शाळा बुडविणारी पोरे आणि ज्यांना अन्यत्र काम नाही अशा स्त्रिया. त्यांची राखण ही मजुरी म्हणून कोठेही मोजली जात नाही. वस्तुतः पीक आणि पाखरू या दोघांनाही जिवंत ठेवणारे ते श्रम आहेत. कारण गोफण पाखराला हाकलते, मारीत नाही.

गोफणीची जागा विष घेते तेव्हा काय होते, हे विदर्भाने पाहिले आहे. २०१७ साली एकट्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन विसाहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. ती फवारणी पाखरांसाठी नव्हती, किडीसाठी होती. परंतु कीड मरते त्याच फवाऱ्यात किडीवर जगणारे पाखरूही सापडते आणि पाठीवर पंप घेतलेला मजूरही. भोरडी इकडे येऊन केवळ दाणाच खात नाही. ती नाकतोडे आणि अळ्या टिपते. पळस, पांगरा आणि काटेसावर यांच्या फुलांतला मध पिताना कपाळावर परागांचा टिळा घेऊन झाडाझाडांतून फिरते. वड-पिंपळाची फळे खाऊन त्यांचे बी दूरवर टाकते. तिच्या नावे खर्चही आहे आणि जमाही आहे. विषविक्याच्या चोपडीत मात्र जमेचा रकाना कधीच नसतो.

यावर कोणी म्हणेल की, ज्या राज्यात शेतकरी आत्महत्या करतो तेथे पाखरांची चिंता ही पोट भरलेल्यांची चैन होय. हा आक्षेप प्रामाणिक आहे. त्याची टिंगल करू नये. परंतु तो चुकीच्या माणसाकडे बोट दाखवितो. पाखरांविषयीची आस्था ही चैन नव्हे; त्या आस्थेची किंमत गरिबाकडून वसूल करणे ही चैन आहे. भिगवणच्या काठी उभ्या असलेल्या माणसाचा आनंद खोटा नाही. त्या आनंदाचे मोल मंगळवेढ्याची बाई एकटीने देते, एवढेच त्यात अन्याय्य आहे.

राष्ट्राराष्ट्रांतही हेच घडते. स्थलांतर करणाऱ्या प्राण्यांच्या रक्षणासाठी १९७९ साली बॉन येथे आंतरराष्ट्रीय करार झाला. १९८३ पासून भारत त्यात सामील आहे. २०२० साली त्याची परिषद गांधीनगरला भरली, २०२४ साली समरकंदला. भोरडीच्या प्रवासाची जणू ही दोन टोकेच. मध्य आशियाई उड्डाणमार्गावरील ३० देशांच्या सहकार्याचा उपक्रम समरकंदला मान्य झाला आणि त्याच्या समन्वयाचे काम भारताकडे आले. ही स्वागतार्ह गोष्ट आहे. तथापि या मार्गाचा विचार आजवर मुख्यतः पाणपक्ष्यांच्या आणि पाणथळींच्या अंगाने झालेला आहे. सरोवराला कुंपण घालता येते, फलक लावता येतो, उद्‌घाटन करता येते. भोरडी आणि भारीट यांचे सरोवर म्हणजे लक्षावधी कोरडवाहू शेते. तेथे कुंपण नाही. तेथे माणूस आहे. म्हणूनच गायक पक्ष्यांचे रक्षण हा अखेर शेतीच्या धोरणाचा प्रश्न ठरतो, आणि वनखात्याच्या कपाटात तो मावत नाही.

मग करावयाचे काय? प्रथम, राखणीला श्रम म्हणून मान्यता द्यावी. १९७२ च्या दुष्काळातून उभी राहिलेली आणि १९७७ साली कायद्यात उतरलेली रोजगार हमी ही महाराष्ट्राची देणगी आहे. अल्पभूधारकाच्या स्वतःच्या शेतातील विहीर आणि फळबाग यांची कामे त्या हमीत बसू शकतात. मग दाणा भरण्याच्या काळातील सामुदायिक राखण का बसू नये? गावाने एकत्र राखण केली, पेरणीचा काळ एकमेकांशी जुळविला, तर थव्याचा भार विभागला जातो, हे प्रत्येक जाणत्या शेतकऱ्याला ठाऊक आहे. दुसरे, ज्वारीची हमीभावाने खरेदी व्हावी आणि जेथे लोक ज्वारी खातात तेथे शिधावाटपात ज्वारी मिळावी. ज्वारीचा पेरा वाढणे हीच पाखरांच्या नुकसानीवरील सर्वांत मोठी भरपाई आहे, कारण मग वाटा पुन्हा पुष्कळांत वाटला जाईल. तिसरे, रानडुक्कर आणि हरीण यांनी केलेल्या नासाडीला जशी भरपाई मिळते, तशी ती पाखरांच्या थव्याने उद्ध्वस्त केलेल्या कोरडवाहू पिकालाही, पंचनाम्याचा छळ न करता, मिळावी. चौथे, बांधांवर आणि गायरानांत पळस, पांगरा, सावर, वड, पिंपळ ही झाडे परत यावीत. गायराने बळकावणाऱ्यांच्या हातून सोडविल्याखेरीज ते होणार नाही. आणि पाचवे, उड्डाणमार्गाचे समन्वयक म्हणून भारताने हे स्पष्टपणे मांडावे की, ज्यांचे कुरण पाखराने वाचते त्या देशांनी आणि ज्यांना पाखरांचे प्रेम परवडते त्या श्रीमंत राष्ट्रांनी, त्या पाखराला नऊ महिने पोसणाऱ्या शेतकऱ्याच्या खर्चात आपला हिस्सा उचलावा.

यातली कोणतीही मागणी केवळ पाखरांसाठी नाही आणि केवळ माणसांसाठीही नाही. कार्यकर्त्यांनी पाखरांचा विषय छांदिष्टांवर सोपवून मोकळे होऊ नये, आणि शेतकऱ्याचा विषय विषाच्या दुकानदारावर सोपवून तर मुळीच होऊ नये. ज्या तालुक्यांत शाळू अजून पेरला जातो तेथे या हिवाळ्यात पहाटे रानात जावे, राखण करणाऱ्यांशी बोलावे, किती दिवस राखण लागते, किती कणीस गेले, किती मुलांची शाळा बुडाली, हे वहीत टिपून घ्यावे. मागणी त्या वहीतून उभी राहिली पाहिजे.

कझाकस्तानातल्या मेंढपाळाने मंगळवेढा पाहिलेले नाही आणि मंगळवेढ्याच्या बाईने कझाकस्तान. दोघांच्या मध्ये भाषा, धर्म, सीमा आणि सैन्ये उभी आहेत. तरीही त्याचे गवत वाचविणाऱ्या पाखराला वर्षातले नऊ महिने तिच्यासारख्यांची रानेच पोसतात, आणि त्याबद्दल तिचे आभार आजवर कोणी मानलेले नाहीत. एप्रिलमध्ये थवे परत फिरतील तेव्हा मचाण मोडलेले असेल, कडब्याच्या गंजी लागलेल्या असतील आणि पोत्यांत काय पडले याचा हिशेब घरात सुरू झालेला असेल. तो हिशेब तिने एकटीने करावयाचा की समाजाने तिच्या शेजारी बसून, एवढाच प्रश्न आहे.